कोझुमेलच्या थांब्यावर किनारा निवडताना: बीच क्लब, बोटी आणि जहाजाच्या सहलींचा आढावा

पश्चिम कॅरिबियनच्या क्रूझवर मेक्सिकोतलं कोझुमेल बेट जवळजवळ ठरलेलंच असतं. त्या एका दिवसासाठी जहाजाच्या ॲपवर सहलींची जी यादी उघडते, ती वाचून मात्र गोंधळ वाढतो. नावं वेगवेगळी, फोटो सगळे सारखे: पांढरी वाळू, निळं पाणी, झावळ्यांची छत्री. प्रत्यक्ष पाण्याजवळ किती तास मिळणार, तळाला वाळू की खडक, दारू न पिणाऱ्यालाही दारूचे पैसे भरावे लागणार का, हे फोटोत दिसत नाही आणि दिवस त्यावरच ठरतो. अमेरिकेतून आई-वडील आणि मुलं अशा तीन पिढ्या घेऊन निघणाऱ्या मराठी कुटुंबांच्या दृष्टीने हे पर्याय इथे तपासले आहेत.

आधी नकाशा. बेट सुमारे ४८ किलोमीटर लांब आणि १६ किलोमीटर रुंद. पश्चिम बाजू मुख्य भूमीकडे तोंड करून असल्याने आडोशाची, पाणी शांत. पूर्व बाजू उघड्या कॅरिबियन समुद्राची, लाटा मोठ्या आणि पाण्याखालची ओढ धोकादायक. पोहण्यालायक बीच क्लब, म्हणजे पैसे भरून खुर्ची, सावली आणि खाणंपिणं मिळणाऱ्या किनाऱ्यावरच्या जागा, पश्चिमेला, सान मिगेल गावाच्या दक्षिणेकडे जाणाऱ्या किनारी रस्त्यावर एका ओळीत आहेत आणि त्यांचे पत्ते किलोमीटरमध्येच सांगतात. मनी बार साडेसहावर, चांकानाब नऊच्या पुढे, प्लाया मिया आणि पॅरडाइज बीच चौदाच्या पुढे, मिस्टर सांचोज पंधरावर, नाची कोकोम साडेसोळावर. जहाजाचे धक्के तीन. पुंता लांगोस्ता गावातच आहे. इंटरनॅशनल पिअर आणि पुएर्ता माया हे दोन गावापासून चार-पाच किलोमीटर दक्षिणेला. या दोनपैकी एकावर लागलात तर सांचोज टॅक्सीने पंधरा मिनिटांवर. पुंता लांगोस्ताला लागलात तर थोडा जास्त वेळ आणि थोडं जास्त भाडं धरा. कुठला धक्का मिळणार हे आदल्या दिवशी जहाजावर कळतं, पण शेवटच्या क्षणी बदलूही शकतं.

आता तासांचा हिशोब, कारण बहुतेकांचं गणित इथेच चुकतं. समजा जहाज सकाळी ८ ते संध्याकाळी ५ थांबणार. बंदराची परवानगी मिळून माणसं उतरायला अर्धा-पाऊण तास जातो. लांबलचक धक्का चालून, ड्यूटी-फ्री दुकानांच्या मुद्दाम वळणावळणाच्या वाटेतून टॅक्सीच्या रांगेत पोचेपर्यंत सव्वानऊ. क्लबवर खुर्ची पकडून बॅग ठेवेपर्यंत पावणेदहा. परतताना सगळ्यांनी जहाजावर असण्याची वेळ साधारण साडेचार, म्हणजे साडेतीनला धक्क्यावर असायला हवं आणि तीनला क्लब सोडायला हवा. हातात राहतात पाच तास. स्वतःहून गेल्यावर हे मिळतात. जहाजाच्या सहलीत ‘कालावधी ५ तास’ लिहिलेलं असेल तर त्यात जमायची जागा, छातीवर लावायचा स्टिकर, गटातल्या सगळ्यात उशिरा येणाऱ्या माणसाची वाट आणि बस हे सगळं धरलेलं असतं. वाळूवर साडेतीन-चार तासच पडतात. म्हणून सहलीचा दर पाहताना तो प्रत्यक्ष किनाऱ्यावरच्या तासांनी भागून पाहा. स्वस्त वाटणारी सहल बऱ्याचदा महाग निघते.

घड्याळाची गोम यापेक्षा गंभीर आहे. कोझुमेल ज्या किंताना रो राज्यात येतं, त्या राज्याने २०१५ पासून स्वतःची वेळ ठरवून घेतली आहे आणि ती उन्हाळ्या-हिवाळ्यात बदलत नाही. मायामी, टँपा किंवा फ्लोरिडातल्या दुसऱ्या बंदरातून निघालेलं जहाज उन्हाळ्यात आपली वेळ तशीच ठेवत असेल तर बेटाची वेळ जहाजाच्या एक तास मागे असते. फोन बेटाच्या टॉवरला जोडला गेला की आपोआप मागे जातो. फोनमध्ये साडेतीन दिसत असतात तेव्हा जहाजावर साडेचार झालेले असतात, आणि धक्क्यावर धावत सुटलेली माणसं पाहायला डेकवर गर्दी जमते. हिवाळ्यात ही अडचण नाही. गॅल्व्हेस्टन आणि न्यू ऑर्लिन्स फ्लोरिडाच्या या बंदरांपेक्षा एक तास मागे, म्हणून तिथल्या जहाजांचं उलट: उन्हाळ्यात वेळ जुळते, हिवाळ्यात बेट एक तास पुढे. तिथे जहाज चुकत नाही, पण फोनवर विसंबून माणूस तासभर आधी परततो. काही जहाजं स्थानिक वेळ घेतातही. त्यामुळे उतरताना दारावर जी वेळ लिहिलेली असते ती मनगटी घड्याळात लावा आणि टॅक्सीवाल्याशी बोलताना किती वाजता हे न सांगता किती तासांनी हे सांगा.

जहाजाची सहल घ्यावी की स्वतः जावं? जहाजाच्या सहलीचा खरा फायदा एकच, तो म्हणजे परतायला उशीर झाला तर जहाज तुमच्यासाठी थांबतं. थांबा रद्द झाला तर पैसे आपोआप परत मिळतात, हा दुसरा आणि छोटा फायदा. त्याच क्लबसाठी माणशी दर मात्र जवळजवळ नेहमीच जास्त असतो. पंधरा मिनिटांवरच्या, सरळ रस्त्यावरच्या क्लबसाठी ही विम्याची रक्कम भरण्यात आम्हाला अर्थ दिसत नाही. टॅक्सी नुसती हात केल्यावर मिळते, रस्ता एकच आहे, क्लबवर टॅक्सीची रांग असते. बोटीच्या सहलीत, विशेषतः दुपारी सुरू होणाऱ्या, जहाजाकडूनच बुक करण्यात शहाणपण आहे. इंजिन बिघडलं किंवा वारा सुटला तर रस्त्यासारखा दुसरा मार्ग तिथे नसतो.

क्लबांपैकी मिस्टर सांचोज सगळ्यांत ओळखीचा. किनारा लांब, तळाला वाळू, पाण्यात शिरताना पायाला खडे कमी, पाण्यावर तरंगणारी खेळणी, पोहण्याचा तलाव आणि मालिशवाल्यांचे तंबू. पॅकेजमध्ये खाणं आणि दारू दोन्ही येतं. या पट्ट्यातल्या अशा पॅकेजांचे मोठ्या माणसाचे दर साधारण ६० ते ८० डॉलरच्या आसपास फिरतात, मुलांना कमी. तीन-चार जहाजं एकाच दिवशी लागलेली असतील तर सांचोजला गर्दी आणि संगीत दोन्ही डोक्यात जातात. ज्यांना हाच माहोल हवा आहे त्यांनी खुशाल जावं. बेटावर मंगळवार ते गुरुवार जहाजांची गर्दी जास्त असते. त्या दिवशी किती जहाजं आहेत हे बंदराच्या वेळापत्रकात आधी पाहता येतं आणि पाहावंच.

नाची कोकोम याच्या अगदी उलट. दिवसाला ठरावीक पाहुणेच घेतात, त्यामुळे बऱ्याच आधी आरक्षण लागतं. जेवण टेबलावर वाढतात, पोहण्याचा तलाव आहे, पाण्यात जाणारा लांब लाकडी धक्का आहे, गोंगाट नाही. जोडप्यांना आणि निवांत बसणाऱ्यांना आमची पहिली शिफारस हीच. दहा वर्षांच्या मुलाला मात्र इथे तासाभरात कंटाळा येईल.

मुलांसाठी प्लाया मिया. घसरगुंड्या, तलाव, बुफे. घसरगुंड्यांना उंचीची अट असते. लहान भावंडं असतील तर मोठा वर जातो आणि धाकटा रडतो, तेव्हा बुक करण्याआधी उंचीचे आकडे पाहून ठेवा. किनाऱ्यापेक्षा वॉटर पार्क म्हणून याचं मोल जास्त, समुद्र इथे दुय्यम आहे.

पॅरडाइज बीच हा पर्याय दारू न पिणाऱ्यांनी जरूर तपासावा. इथे सगळंसमावेशक पॅकेज घेतलंच पाहिजे असं नाही. प्रवेश आणि ठरावीक रकमेचं खाणंपिणं अशी सोय असते (तपशील वर्षागणिक बदलतात, आरक्षण करताना वाचा). हिशोब अगदी साधा आहे. सगळंसमावेशक पॅकेज दारूवर बेतलेलं असतं. चार-पाच कॉकटेल घेणाऱ्याचे पैसे वसूल होतात. लिंबू सरबत, एक नारळपाणी आणि एक केसाडिया (चीज भरून भाजलेली पोळी) घेणारी सासूबाई त्याच दरात शेजारच्या टेबलावरच्या मार्गारिटांचे पैसे भरते. पाच जणांत दोघेच पिणारे असतील तर मागवू तसे पैसे हाच मार्ग बरा. काही क्लब एकाच गटात काहींना पॅकेज आणि काहींना साधा प्रवेश देत नाहीत, हे आधी विचारा.

मासे पाहायचे असतील तर वरच्या चारही क्लबांत निराशा होईल. वाळूचा तळ पोहायला सुखाचा, पण माशांना लपायला जागा नाही आणि खरा प्रवाळ तिथून लांब, खोल पाण्यात. किनाऱ्यावरूनच स्नॉर्केलिंग (तोंडात नळी धरून, तरंगत पाण्याखालचं पाहणं) करायचं तर मनी बार किंवा चांकानाब. मनी बारला पाण्यात उतरायला पायऱ्या आहेत, किनारा टोकदार चुनखडीचा, म्हणून रबरी तळाचे पाण्यातले बूट हवेत. साध्या चपला पहिल्या लाटेत जातात. वाळूत लोळायची हौस असेल तर इथे जाऊ नका.

चांकानाब हे उद्यान आहे, क्लब नव्हे: बाग, मगरी, पक्क्या वाटा, भरपूर सावली, समुद्रात उतरायला पायऱ्या आणि थोडी वाळू. आतलं खाऱ्या पाण्याचं तळं पाहण्यापुरतं आहे, त्यात पोहू देत नाहीत. गुडघे दुखणारे आई-वडील, पोहणारी मुलगी आणि फोटो काढणारा जावई अशा मिश्र गटाला बेटावर याहून सोयीची जागा नाही. रविवारी मात्र हे बंद असतं. रविवारच्या थांब्याला बेत आखण्याआधी खात्री करून घ्या. डॉल्फिनचा कार्यक्रम वेगळ्या तिकिटाचा असे आणि दारातच तो गळ्यात मारायचा प्रयत्न होई; २०२५ मध्ये मेक्सिकोने अशा खेळांवर बंदी घातली. तरी कोणी विकायला आलाच तर नको म्हणून पुढे जा.

इथला समुद्र १९९६ पासून राष्ट्रीय सागरी उद्यान आहे, त्यामुळे क्रीमचे नियम कडक आहेत. ऑक्सिबेन्झोन किंवा ऑक्टिनोक्सेट असलेलं सनस्क्रीन चालत नाही आणि चांकानाबला पाण्यात जाण्याआधी अंगाला काही लावूच नका असं सांगतात. लांब बाह्यांचा पोहण्याचा टीशर्ट हा त्यावरचा उपाय, आणि तो क्रीमपेक्षा जास्त काम करतो. स्नॉर्केल करणाऱ्याची पाठ आणि पोटऱ्या तासभर वरच असतात आणि पाण्याच्या गारव्यात भाजणं जाणवत नाही. बेट मालेगावच्या अक्षांशावर आहे, हे लक्षात ठेवलं की उन्हाचा अंदाज येतो.

खरा प्रवाळ पाहायचा तर बोट. बहुतेक बोटींचा क्रम ठरलेला: पालांकार, कोलोंबिया, मग एल सिएलो. पहिल्या दोन ठिकाणी पाण्यात उतरून प्रवाहाबरोबर वाहत जायचं आणि बोट पुढे येऊन उचलते. प्रवाह जोराचा असतो, त्यामुळे उलट दिशेने पोहायचा हट्ट करणारा पाच मिनिटांत दमतो. लाइफ जॅकेट सगळ्यांना सक्तीचं, पोहता येणाऱ्यालाही. एल सिएलो म्हणजे कमरेएवढ्या पाण्यातला वाळूचा पट्टा, तळाला तारामासे. ते पाण्याबाहेर काढून फोटो घ्यायचा नाही. बाहेर त्यांना श्वास घेता येत नाही आणि नियमही तसाच आहे. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये ही तिन्ही ठिकाणं प्रवाळाच्या रोगामुळे आणि गर्दीच्या भारामुळे काही काळ बंदच ठेवली होती. सहल तीन ते चार तासांची. दरात सागरी उद्यानाचं शुल्क, धक्क्यापासून मरिनापर्यंतची (लहान बोटी लागतात त्या गोदीपर्यंतची) टॅक्सी आणि भाड्याचं साहित्य धरलं आहे का, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय दोन बोटींच्या दरांची तुलना करू नका. शिवाय बोटीवर माणसं किती हे विचारा. आठ-दहा जणांच्या लहान बोटीत थोडे जास्त पैसे जातात. पन्नास जणांच्या कॅटामरानवर (जोड सांगाड्याच्या मोठ्या बोटीवर) मात्र एकमेकांच्या फिनच्या, म्हणजे पायातल्या रबरी पंखांच्या, लाथा खाव्या लागतात. मोशन सिकनेसची गोळी बोटीवर चढण्याआधी तासभर घ्या, मळमळ सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही. मुखवट्यात मिशीमुळे पाणी शिरतं. नाकाखाली थोडं व्हॅसलीन लावलं की निभतं.

इस्ला पासिऑन बेटाच्या उत्तरेकडे, बस आणि मग छोटी बोट असा प्रवास. उथळ, शांत, लहान मुलांना छान, पण माशांसाठी नव्हे. प्रवासात तास जातो आणि निघायची वेळ तुमच्या हातात नसते. पुंता सुर हे दक्षिण टोकाचं उद्यान, तिथे दीपगृह, मगरींचं खाजण आणि बेटावरची सगळ्यात मोकळी वाळू आहे. अंतर बरंच असल्याने टॅक्सीला थांबवून ठेवावं लागतं किंवा गाडी भाड्याने घ्यावी लागते, आणि हेही रविवारी बंद. मुख्य भूमीवरच्या तुलुमचे माया संस्कृतीचे अवशेष आणि किनारा अशी जोडसहल विकतात, तिच्यात फेरी पाऊण तास, मग बस, आणि परत तेच. नऊ तासांच्या थांब्यात हे करू नये. दिवस रांगेत जातो.

पूर्व किनारा पाहायला सुंदर आहे, पोहायला नाही. बहुतेक ठिकाणी जीवरक्षक नाहीत. चेन रिओला खडकांनी अडवलेला शांत डबका आहे, तिथे मुलं खेळू शकतात. बाकी ठिकाणी गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ नका. या बाजूला वीजवाहिनी नाही, खाण्याच्या टपऱ्या जनरेटरवर चालतात आणि कार्ड बहुधा घेत नाहीत. स्कूटर भाड्याने घेऊन बेटाला फेरी मारण्याचा मोह होतो, पण विम्याचा कागद स्पॅनिशमध्ये, वाटेत वाळू पसरलेली आणि वेळेची घाई, अशात तो टाळलेला बरा. चौघं असाल तर गाडी घ्या.

हवेचा भाग. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उत्तरेचा वारा, स्थानिक भाषेत नोर्ते, सुटला की शांत पश्चिम किनाराही खवळतो आणि बंदर अधिकारी लहान बोटींना मनाई करतात. तेव्हा बोटीची सहल रद्द होते आणि तलाव असलेला क्लब कामाला येतो. म्हणून हिवाळ्यात दुसरा पर्याय ठरवूनच उतरा. एप्रिल ते ऑगस्टच्या सुमाराला सार्गासम नावाचं तपकिरी समुद्री शेवाळ ढिगांनी येतं. कुजलं की सडक्या अंड्यासारखा वास येतो. ते मुख्यतः पूर्व किनाऱ्यावर साचतं, पश्चिमेचे क्लब बहुधा वाचतात. मुख्य भूमीवरचे किनारे त्या महिन्यांत फोटोसारखे नसतात, कोझुमेल पुष्कळदा बरं असतं. कोकणासारखी मोठी भरती-ओहोटी इथे नाही, पाणी दिवसभर जवळपास तिथेच असतं.

शाकाहाऱ्यांसाठी इशारा. वाटलेल्या राजम्यात डुकराची चरबी, म्हणजे मान्तेका, असू शकते. भात कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला असतो. मैद्याच्या टोर्टियातही (मेक्सिकन पोळीतही) चरबी असू शकते. ‘सिन कार्ने’ (मांस नको) एवढं म्हटलं तर मांसाचे तुकडे काढतात, बाकी तसंच राहतं. ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन मान्तेका’ (मांस नको, कोंबडी नको, चरबी नको) असं पूर्ण म्हणा आणि मक्याचा टोर्टिया मागा. ग्वाकामोले, चिप्स, फळं, चीज केसाडिया यांवर दिवस निघतो. हबानेरोची साल्सा आधी थेंबभर चाखा. कोल्हापूरच्या मिरचीवर वाढलेल्यांनीही, कारण तिचा तिखटपणा उशिरा येतो आणि बराच वेळ जात नाही. जहाजावरची फळं, सँडविच खाली नेऊ देत नाहीत, धक्क्यावर कुत्रे हुंगतात. बंद पाकिटातली बाकरवडी सहसा जाते, डब्यातले थेपले अडतात.

पैशांत फसण्याची जागा एकच: मेक्सिकोत पेसोसाठीही डॉलरचंच चिन्ह वापरतात. मेनूवर १८० पाहून दचकू नका, पण कार्ड देताना रक्कम कोणत्या चलनात आहे ते विचारा, आणि यंत्राने डॉलरमध्ये भरायचं का विचारलं तर पेसो निवडा. टॅक्सीला मीटर नाही. दराचा फलक धक्क्यावर असतो, दर चार माणसांपर्यंतच्या गाडीचा. बसण्याआधी ‘गाडीचे की माणशी, डॉलर की पेसो’ एवढं विचारून घ्या. बिलात सेवाशुल्क आधीच लावलं आहे का ते पाहून मग टिप द्या.

भारतीय पासपोर्टधारकांनी एक गोष्ट तिकीट काढतानाच बघावी. पासपोर्टमध्ये वैध अमेरिकन व्हिसा किंवा हातात ग्रीन कार्ड असेल तर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. अमेरिकेत परतायचं असल्याने तो व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा हवा. एच-वन-बी या अमेरिकेतल्या कामाच्या व्हिसाचा शिक्का संपलेला आणि फक्त मुदतवाढीची मंजुरी हातात असेल, तर क्रूझ कंपनीकडून लेखी उत्तर मागवा. बंदरावर चेक-इनला वाद घालून उपयोग होत नाही.

शेवटी आरक्षण. क्लबचं आरक्षण करताना जहाजाचं नाव आणि तारीख द्या, आणि जहाज बंदरात लागलं नाही तर आगाऊ रक्कम परत मिळते का हे पानावर लिहिलेलं दिसतं का पाहा. बहुतेक चांगले क्लब ती परत देतात. फक्त फोनवर तसं सांगणाऱ्याला आगाऊ पैसे देऊ नका. परतीची टॅक्सी अडीचच्या सुमाराला पकडली तर रांग नसते. तीन ते साडेतीनला सगळ्या जहाजांची माणसं एकदम परततात आणि वीस मिनिटं सहज जातात. जहाजाचे टॉवेल मोजून बॅगेत भरा, हरवलेल्या प्रत्येक टॉवेलचे पैसे खात्यावर लागतात.